अनुभव धागा: कोकणातून परदेशी फेलोशिप, आणि परदेशातून कोकणात

भारत आणि अमेरिका यांच्यातल्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या करारावर २ फेब्रुवारी १९५० रोजी पंडित नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांनी सह्या केल्या. २००८ साली नवा करार झाला, दोन्ही सरकारं बरोबरीची भागीदार झाली आणि फेलोशिपला फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळालं. त्याशिवाय जर्मनीची डाड (डीएएडी), ब्रिटनची चिवनिंग, जपानची मेक्स्ट आणि युरोपची इरास्मस मुंडुस या शिष्यवृत्त्या आहेतच. माहितीपुस्तिका सगळ्यांना मिळतात, पण पालघर ते सावंतवाडी या पट्ट्यातून अर्ज करताना नेमकं कुठे अडतं ते त्यात नसतं. ज्यांनी असे अर्ज तपासले, शिफारसपत्रं लिहिली, परदेशी संशोधकांची इथे सोय केली, त्यांनी इथे लिहावं. "मी कसा गेलो" नको. काय लागतं, कुठे बिघडतं आणि का, तेवढंच सांगा.

रत्नागिरीहून, कॉलेजच्या मार्गदर्शन कक्षातून

सुरुवात नावापासून करा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. अर्ज कायम पासपोर्टप्रमाणेच भरायचा, कारण पुढे व्हिसा आणि अमेरिकेचा डीएस-२०१९ फॉर्म (देवाणघेवाणीच्या व्हिसासाठी लागणारा दाखला) त्यावरूनच निघतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') छापून येतं. बँक खातं, विमानाचं तिकीट, विद्यापीठाची नोंद, सगळीकडे ते निस्तरत बसावं लागतं. अर्ज करायच्या आधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि विवाह नोंदणी दाखला दोन्ही हाताशी ठेवावेत. एकाने भागत नाही.

दुसरं, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा. पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याचंच ट्रान्सक्रिप्ट चालतं, कॉलेजच्या सही-शिक्क्याचं चालत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या बहुतेकांचं विद्यापीठ मुंबई, म्हणजे काम मुंबईत कालिन्याला. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका लागते, आणि केटी लागली (विषय राहिला) असेल तर त्या नापास प्रयत्नाचीही. ती मुलं फेकून देतात, मग दुय्यम प्रत काढण्यात महिना जातो. बंद लिफाफ्यात मागितलेलं ट्रान्सक्रिप्ट घरी कुणी कौतुकाने उघडलं की ते बाद. म्हणून सुरुवातीलाच तीन-चार लिफाफे मागा आणि एक सुटी प्रत स्वतःसाठी.

गुण ग्रेडमध्ये असतील तर त्यांची टक्केवारी विद्यापीठाच्या सूत्राने काढलेल्या दाखल्यावर आणा. सीजीपीएला (सरासरी ग्रेडच्या आकड्याला) मनाने साडेनऊने गुणून भरलेला आकडा तपासणीत चुकीचा ठरला, तर सगळ्या अर्जावरचा विश्वास जातो.

रायगडहून, शिफारसपत्रं लिहिणाऱ्या एका प्राध्यापिकेकडून

वरच्या लेखनात पात्रतेची भर घालते. अनुभव मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला संबंधित क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ, पगारी अनुभव आणि पदवीला किमान ५५ टक्के लागतात. नुसती तीन वर्षांची पदवी पुरत नाही, वर एम.ए., एम.एस्सी. किंवा तसा पूर्ण वेळचा अभ्यासक्रम हवा. चिवनिंगला २,८०० तास मागतात, म्हणजे साधारण दोन वर्षं, पण त्यात अर्धवेळ काम आणि स्वयंसेवी कामही धरतात. गावच्या महिला बचतगटाचे हिशेब, कासव संवर्धनाचं काम, ग्रंथालय चालवणं, हे इथे मोजलं जातं. आठवड्याचे तास गुणिले आठवडे असं मांडा आणि संस्थेचं पत्र जोडा.

शिफारसपत्राबद्दल: विद्यार्थ्याने मजकूर लिहून आणायचा आणि सरांनी सही करायची, ही पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती बंद व्हायला हवी. तीन पत्रांत एकाच हातची वाक्यं दिसली की निवड समितीला कळतं. "मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक" या तीन शब्दांचा तिकडे काहीही उपयोग नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रकल्प केला, त्यात कोणती अडचण आली, ती त्याने कशी सोडवली, वर्गातल्या किती जणांत तो गुणवत्तेने कितवा, असं लिहा. आणि पत्र कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवरून जाऊ द्या, खासगी पत्त्यावरून आलेलं पत्र पुन्हा पडताळलं जातं. विद्यार्थ्यांनीही सरांना किमान महिनाभर आधी आपला प्रस्ताव आणि बायोडेटा द्यावा. शेवटच्या दिवशी फोन करून चांगलं पत्र मिळत नाही.

दापोलीहून, मत्स्य आणि कृषी संशोधनातले एक मार्गदर्शक

प्रस्ताव लिहिताना कोकणातली मुलं आपला विषय दडवतात आणि जगाचा विषय मांडतात. "हवामानबदलाचा सागरी परिसंस्थेवर परिणाम" असं शीर्षक शंभर अर्जांत असतं. "वाशिष्ठीच्या खाडीत तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) वाढ आणि पावसाळ्यातली क्षारता" हे एकाच अर्जात असेल. परदेशातल्या प्रयोगशाळेला तुमच्याकडून काय मिळणार आहे, ते या दुसऱ्या शीर्षकातच दिसतं. त्याला जोडून तीन गोष्टी लिहा: इथे जमवलेली माहिती कोणती, तिथल्या कोणत्या यंत्राची किंवा पद्धतीची गरज आहे जी आपल्याकडे नाही, आणि परत आल्यावर ते काम कोणत्या संस्थेत चालू राहील.

यजमान संस्थेचं पत्र हा दुसरा कच्चा दुवा. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप साधारण सहा ते नऊ महिन्यांची असते, ती भारतात पीएच.डी.ला आधीपासून नोंदणी असलेल्यांसाठी. पत्रात तारखा, मार्गदर्शकाचं नाव, प्रयोगशाळेत बसायला जागा, ग्रंथालय आणि उपकरणं वापरायची परवानगी हे सगळं स्पष्ट हवं. "आम्हाला आनंद होईल" एवढ्या दोन ओळींचं पत्र कमकुवत पडतं. परदेशी प्राध्यापकाला पहिलं ई-मेल पाठवताना त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला तर उत्तर येत नाही.

जपानच्या मेक्स्टमध्ये क्रम उलटा आहे. वकिलातीमार्फत अर्ज केला तर आधी लेखी परीक्षा आणि मुलाखत, मग प्राथमिक निवडीचं प्रमाणपत्र, आणि ते हातात आल्यावर विद्यापीठांकडून तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र मागायचं. त्यासाठी मिळणारा वेळ थोडा असतो, तेव्हा प्राध्यापकांशी ओळख आधीच झालेली हवी. वयाची अट साधारण ३५ च्या आत. मत्स्यशास्त्रवाल्यांनी तोक्योचं सागरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, होक्काइदो विद्यापीठाची हाकोदातेची मत्स्य विद्याशाखा आणि कागोशिमा विद्यापीठ ही तीन ठिकाणं जरूर पाहावीत.

मालवणहून, सागरी जीवशास्त्र

नमुन्यांविषयी कुणीच लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. तिथल्या मार्गदर्शकाने "येताना थोडे नमुने घेऊन ये" म्हटलं की मुलं शेवाळ, शिंपले, कांदळवनाची पानं पिशवीत भरतात. जैवविविधता कायदा २००२ नुसार भारतातली जैविक संसाधनं संशोधनासाठी परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला द्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. सुकवलेलं पान आणि काढून ठेवलेला डीएनएही त्यात येतो. पेटीतून खाण्यासाठी निर्यात होणारा हापूस वेगळा, त्याच हापूसच्या पानातून डीएनए काढायला नेणं वेगळं. सरकारी संस्थांमधल्या मान्यताप्राप्त सहकार्य प्रकल्पांना सूट आहे, पण ती प्रकल्पाला असते, व्यक्तीला नाही. करारपत्राची प्रत जवळ हवी.

प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही आहेत. त्यांना हातच लावू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यात (ते १९८७ चं आहे) संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, आणि कांदळवनासाठी वनविभागाची.

परवानगी मिळाल्यावरचं पॅकिंग: अल्कोहोलमधले नमुने म्हणजे विमानाच्या भाषेत ज्वलनशील द्रव. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांतल्या ए१८० या तरतुदीप्रमाणे प्रत्येक आतल्या कुपीत जास्तीत जास्त ३० मिलिलिटर मोकळा द्रव आणि संपूर्ण खोक्यात एक लिटरपेक्षा जास्त नाही. कुपी सीलबंद पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मध्ये शोषून घेणारं साहित्य. विमान कंपनीला आधी कळवा. अमेरिकेत उतरल्यावर प्राण्यांच्या नमुन्यांसाठी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा ३-१७७ हा घोषणाफॉर्म भरावा लागतो.

माझं स्पष्ट मत: जमत असेल तर डीएनए काढणं आणि सिक्वेन्सिंग इथेच करून घ्या. नमुना इथल्या संग्रहालयात क्रमांकासह जमा करा आणि फक्त माहिती घेऊन जा, मात्र संशोधनाचे निष्कर्ष परदेशी संस्थेला द्यायलाही प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या. परवानगीच्या फाईलपायी फेलोशिपचे महिने वाया जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पेणहून, अनुदानित महाविद्यालयाचं कार्यालय

नोकरीत असलेल्यांसाठी. ना हरकत प्रमाणपत्राचा रस्ता असा: विभागप्रमुख, प्राचार्य, संस्था, आणि मग उच्च शिक्षण सहसंचालक, कोकण विभाग, पनवेल. संस्थेची सभा महिन्यातून एकदाच होत असेल तर विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधी घालून घ्यावा लागतो. अर्जासोबत फेलोशिपची माहिती, कालावधी, रजेचा प्रकार (पगारी अभ्यासरजा, की बिनपगारी), तेवढ्या काळात तासिका कोण घेणार, आणि परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र. "तासिका कोण घेणार" हा रकाना रिकामा असलेली फाईल परत येते. फुलब्राइटच्या अर्जातही नोकरदारांना मालकसंस्थेची संमती लागतेच, तेव्हा दोन्ही कामं एकदम सुरू करा.

परत येण्याच्या अटीवरून मुलं बिचकतात, पण अट नवी नाही. मंडणगडजवळचं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड दिले, ते परत येऊन संस्थानाची दहा वर्षं सेवा करण्याच्या करारावर. आज फुलब्राइटच्या जे-१ (देवाणघेवाणीच्या) व्हिसावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती पुरी झाल्याशिवाय एच-१बी, एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) मिळत नाही. दोन वर्षं तुकड्यांत मिळून भरली तरी चालतात. चिवनिंगलाही दोन वर्षं परत येण्याची अट आहे. हे घरच्यांना आधी सांगा, लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी नको.

कणकवलीहून, थोडक्यात

फुलब्राइटच्या मुदती बहुधा मे ते जुलैत येतात आणि तेव्हाच आपल्याकडे वीज आणि नेट जातं. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ऑनलाइन मुलाखतीसाठी इन्व्हर्टर असलेली खोली आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम तयार ठेवा. अमेरिकी व्हिसाची तारीख मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या कमी वेगाने धावतात आणि दरड आली की तासन्‌तास थांबतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला त्या दिवशी मूळ पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. निकाल दोन वर्षंच ग्राह्य.

गुहागरहून, परदेशी संशोधकांच्या राहण्याची सोय पाहणारे

देवाणघेवाण म्हणजे येणारेही आले. कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून हा भाग अधिक महत्त्वाचा झाला आहे. अमेरिकी फेलोला भारतातल्या संस्थेचं संलग्नतेचं पत्र लागतं. छोट्या कॉलेजांनीही ते द्यावं, पण त्यात मार्गदर्शक कोण, जागा कुठली, कोणते तालुके फिरणार हे लिहावं. व्हिसा रिसर्चचा हवा, पर्यटनाचा चालत नाही.

पाहुणा घरात उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला आपण सी फॉर्म म्हणतो. हे हॉटेलांनाच लागू आहे असं अनेक घरमालकांना वाटतं, तसं नाही. होमस्टे आणि साधं घर दोन्ही त्यात येतात. १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी. त्यासाठी भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र, वीजबिल आणि संस्थेचं पत्र लागतं. घर आजोबांच्या नावावर आणि वीजबिल काकांच्या नावावर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. म्हणून पाहुणा यायच्या आधीच संमतीपत्र करून ठेवा.

एक गोष्ट तर पाहुण्याला विमानात बसण्याआधी कळवाच. खाडीत, समुद्रात काम करणारे लोक सवयीने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र आणतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना ते जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर ते सापडलं की थेट पोलीस केस होते. ड्रोनचंही तसंच, परदेशी पाहुण्याने तो आणूच नये. बोटीवर संपर्कासाठी इथल्या मच्छीमारांकडे व्हीएचएफ (रेडिओ) संच असतात. नावेच्या तांडेलाशी (नाव चालवणाऱ्या प्रमुखाशी) आधी बोलून त्यावरच भिस्त ठेवावी.

वेंगुर्ल्याहून, परदेशी न्यायच्या सामानाबद्दल

अमेरिकेत ताजा आंबा आणि कढीपत्ता नेता येत नाही, कढीपत्ता सुकवलेला असला तरी ठेवू नका. बी-बियाण्यांना परवाना लागतो. सीलबंद आमसुलं, लोणचं, मसाला न्या, पण कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं लिहा. न लिहिल्याचा दंड वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ बंद, म्हणजे खव्याची मिठाई आणि पनीर गेलं. मासळीला मात्र माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे, तेव्हा जर्मनीला जाणाऱ्याने सोडे (सुकी कोळंबी) आणि सुके बोंबील दुहेरी पिशवीत सीलबंद करून खुशाल न्यावेत.