खंड्याचा सूर दर वेळी हुकतो, काय करू?

काठावरची:
तीन आठवडे झाले, पहाटे उजाडायच्या आत ओढ्यावर जाऊन बसते आहे. समोर पाण्यावर वाकलेली एक वाळकी फांदी आहे. तिच्यावर छोटा खंड्या येतो. चिमणीएवढा, पाठ निळी, पोट नारिंगी. त्याने सूर मारला की माझ्या व्हिडिओत उरते ती हलणारी फांदी आणि पाण्यावरची वर्तुळं. बटण दाबेपर्यंत स्वारी मासा घेऊन परत फांदीवर. ६०० मिमीची लेन्स, ट्रायपॉड, सेकंदाला २५ फ्रेम.

परवा एक गोष्ट मात्र छान मिळाली. त्याने मासा फांदीवर आपटला, पण गिळला नाही. माशाचं डोकं पुढे करून चार-पाच मिनिटं इकडेतिकडे बघत बसला आणि तसाच उडून गेला. ते सगळं सलग चित्रित झालं आहे.

शिंजीर:
पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवूच नका, त्या वेगाला हात पुरत नाही. झूम कमी करा, फांदी आणि खालचं पाणी दोन्ही चौकटीत घ्या. फोकस मॅन्युअलवर टाकून फांदीखालच्या पाण्यावर पक्का करा. सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेम ठेवा, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास. उजेड कमी असेल तर चित्रात दाणे येतील, येऊ देत. कॅमेऱ्यात प्री-रेकॉर्ड असेल तर चालू करा, बटण दाबायच्या आधीचे काही क्षणही त्यात राहतात.

आणि त्याची मान बघत राहा. सूर मारण्याआधी तो डोकं खालीवर करून अंतर जोखतो. बटण तेव्हाच दाबायचं.

रातवा:
शिंजीर यांचं बरोबर आहे, पण मी तुमच्या दुसऱ्या परिच्छेदावर अडकलो. खंड्या स्वतः खातो तेव्हा माशाचं डोकं घशाकडे वळवून घेतो, म्हणजे कल्ले-पर अडकत नाहीत. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो मासा दुसऱ्या कुणासाठी असतो, जोडीदारासाठी किंवा पिल्लांसाठी. चोचीत घास असून तो पाच मिनिटं थांबला, याचा अर्थ मला एकच दिसतो: बीळ जवळपास आहे आणि तुमच्यामुळे त्याला आत जाता येत नाहीये. तुम्ही नेमक्या कुठे बसता?

काठावरची:
दरडीच्या कडेवर. तीनचार हात उंच, मातीची उभी दरड आहे.

रातवा:
खंड्या अशाच दरडीत बीळ खणतो. कृपया उद्या तिथे बसू नका. पलीकडच्या काठावरून, लांबूनच दुर्बिणीने बघा. विष्ठेचा पांढरा ओघळ असलेलं भोक दिसलं तर तेच.

काठावरची:
बघून आले. मी बसायचे त्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर भोक आहे आणि तोंडाशी पांढरा ओघळ. तीन आठवडे मी त्यांच्या छपरावर बसले होते. फार वाईट वाटलं. कितीदा मासा घेऊन ताटकळला असेल, कुणास ठाऊक.

आज पलीकडे, झुडपाच्या आड बसले. एका तासात सहा फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी तो थेट बिळात. मासा घेऊन त्या फांदीवर ताटकळलासुद्धा नाही.

रातवा:
म्हणजे सगळं ठीक आहे. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण साडेतीन आठवड्यांनी बाहेर पडतात. तोवर अंतर राखा, आणि व्हिडिओ टाकाल तेव्हा जागा सांगू नका.

काठावरची:
जागेची नोंद फाइलमधूनही काढली आहे. शिंजीर, इथून फांदी फार लांब पडते, ६०० मिमीतही खंड्या बोटाच्या पेराएवढाच दिसतो. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाण्यावर फोकस लावून मान बघत बसले. १२० फ्रेमवर आज पहिल्यांदा तो पाण्यातून वर येताना मिळाला, पंख उघडे आणि मागे थेंबांची लांब रेघ. शटर १/२५० वर थेंब लांबट झालेत, उद्या १/५०० करून बघते.