खाणीजवळ मोर नाचतो म्हणून माती स्वच्छ ठरते का?

मलप्रभाकाठ : परवा या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की, युरेनियमच्या खाणींजवळील वन्यजीवांची चिंता हा निव्वळ बागुलबुवा आहे, कारण चेर्नोबिलच्या निर्मनुष्य टापूत लांडग्यांची संख्या त्या भागातील इतर अभयारण्यांच्या सातपट आढळली. ते वाचल्यापासून स्वस्थता नाही. लांडगे वाढले, कारण १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तेथून माणूस गेला आणि शिकार थांबली. प्रत्येक लांडग्याच्या हाडांत काय साठले आहे, हे डोकी मोजून कळत नाही.

शिवाय खाणीचे दुखणे अणुभट्टीच्या अपघातापेक्षा वेगळे असते. खनिजातून युरेनियम काढून घेतले तरी मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के भाग टाकाऊ गाळातच राहतो. त्यातील रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षांचे आहे आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत व शिंपल्यांत साठवते. युरेनियम मूत्रपिंडाला बाधते. घुशी, साळिंदर, खोकड अशा बिळात राहणाऱ्यांच्या वाट्याला कोंडलेला किरणोत्सारी रेडॉन वायू येतो. १९७९ च्या जुलैत अमेरिकेतील चर्च रॉक येथे अशा गाळाचा बांध फुटला, तेव्हा सुमारे ३५ कोटी लिटर दूषित पाणी पुएर्को नदीत गेले, आणि तेथील नावाहो आदिवासींची मेंढरे त्याच नदीवर पाणी पीत होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यातील देशनूर परिसरात अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा शोध घेतलेला आहे. म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही.

जुना भूगर्भ-विद्यार्थी : देशनूरला शोध झाला आहे, खाण नाही. हा फरक न सांगता लोकांना घाबरवणे मला अनुचित वाटते. ऑस्ट्रेलियातील काकाडू येथे रेंजर युरेनियम खाणीच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या मगेला ओढ्यातील शिंपल्यांत रेडियम भरपूर सापडले, परंतु तपासाअंती ते मुख्यतः निसर्गतःच तेथे होते असे दिसले. त्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्यामुळे शिंपले रेडियम अधिक ओढून घेत होते. कॅनडातील कॅरिबू हरणांत पोलोनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते, कारण ती ज्या दगडफुलावर हिवाळा काढतात, ते हवेतूनच पोलोनियम शोषते. दगड मुळातच किरणोत्सारी आहे, त्यात खाणीचा काय दोष? आपल्याकडील प्राणी मरतात ते शेतातल्या वीजतारांनी, फासक्यांनी आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी. त्यावर मात्र कोणी लिहीत नाही.

खानापूरचा शेतकरी : आमच्या गावाशेजारी दगडखाण आली, तेव्हा चावडीवर लागलेली नोटीस केवळ कन्नडमध्ये होती. माझ्या वडिलांनी ती चार वेळा पाहिली आणि कोणाची तरी जमीन विकायची असेल असे समजून ते परत आले. हरकतीची मुदत संपल्यावर सुरुंगांचे आवाज सुरू झाले, आणि दोन उन्हाळ्यांत विहीर आटली. उद्या शिंपल्यांचे आणि हाडांचे अहवाल आले तरी ते आम्हाला वाचता येतील का?

बैलहोंगलकर : प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न ओढून आणणे थांबवावे. देशनूरच्या आसपासची बहुसंख्य माणसे कन्नडच बोलतात. तीन पिढ्या या मातीत राहून नोटीस वाचण्यापुरती भाषा शिकता येऊ नये, ही तक्रार कोणाविरुद्ध आहे?

खानापूरचा शेतकरी : मी कन्नड वाचतो आणि लिहितोही. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, आणि ती जमीन त्यांच्या नावावर आहे. त्यांना अडाणी ठरवण्याआधी आपण त्यांच्या विहिरीत एकदा डोकावून जावे.

बैलहोंगलकर : वडिलांविषयी मी अवाक्षर काढलेले नाही, तरी शब्द लागले असतील तर मागे घेतो. भाषेचा मुद्दा मागे घेत नाही.

वकिलीतला एक : आपण दोघे ज्या कागदाच्या भाषेवरून भांडत आहात, तो कागदच येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाणी जनसुनावणीच्या अटीतून वगळल्या आहेत. देशनूरला उद्या खाण निघाली, तर मराठी माणसालाही विचारणार नाहीत आणि कन्नड माणसालाही नाही.

मलप्रभाकाठ : हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आता मूळ मुद्द्यावर येतो. मगेलाच्या शिंपल्यांबाबत भूगर्भ-विद्यार्थी बरोबर आहेत, आणि ते मला आधी सांगायला हवे होते. एवढेच नव्हे, कॅनडातील ‘की लेक’ या युरेनियम खाणीच्या खालच्या अंगाच्या पाण्यात माशांची पिल्ले व्यंग घेऊन जन्मली, त्यात संशय सेलेनियमवर होता, किरणोत्सारावर नव्हे. पण मगेलातील रेडियम नैसर्गिक आहे, हे तेथील लोकांना कशामुळे सांगता आले? खाणीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला त्यांनी वर्षानुवर्षे शिंपले तपासले म्हणून. लहानपणी मलप्रभेच्या वाळूत आम्ही शिंपले वेचत असू, वडील मासे आणत आणि काटे अंगणातल्या मांजरांना जात. त्या काट्यांत तेव्हा किती रेडियम होते, हे कोणी मोजले आहे का? खाण आल्यानंतर मोजणी सुरू झाली, तर जे सापडेल ते मुळातच होते असे म्हणायला कोणीही मोकळा राहील.

जुना भूगर्भ-विद्यार्थी : खाणीला माझा विरोध नाही आणि या चर्चेने तो झालेलाही नाही. मात्र आधीच्या नोंदीशिवाय नंतरच्या आकड्यांना अर्थ नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते, त्यामुळे येथे मला नाही म्हणता येत नाही. नदीचे पाणी, गाळ, शिंपले आणि माशांची हाडे आताच तपासावीत असा अर्ज आपण करणार असाल, तर माझी सही घ्यावी. वरचे नमुने कणकुंबीकडून, उगमाजवळून घ्यावेत. अर्ज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावा.

बैलहोंगलकर : कन्नड मसुदा मी लिहून देतो. खानापूरच्या शेतकऱ्यांनी तो तपासावा.