मदत हवी आहे: काजू सोलणीला किलोवर दर लावला आणि तुटका माल वाढला, आता मागे कसे फिरू?

नमस्कार. गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपयच्या पुढे, आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. चौदा बायका कामाला आहेत, सगळ्या आसपासच्या वाड्यांवरच्या. बिया वाफवणे, फोडणे, गर भट्टीत सुकवणे, सोलणी (गरावरची पातळ साल काढणे), निवड, सगळे इथेच होते. अडचण सोलणीची आहे.

आधी सगळ्यांना दिवसाचा ठरावीक रोज होता. चवथीच्या ऑर्डरी वेळेत जाईनात, म्हणून मागच्या जूनपासून मी सोलणीला किलोमागे दर लावला. शिवाय आठवड्यात जिचा माल सर्वांत जास्त, तिला वरून पाचशे रुपये. पहिले तीन आठवडे मी खूश होते, माल भराभर निघत होता. मग निवडीच्या टेबलावर पाकळी (उभा दुभंगलेला गर) आणि तुकडा वाढलेला दिसायला लागला. पूर्वी शंभर किलोत बारा-तेरा किलो तुटका निघायचा, आता वीसच्या वर जातो. २४० नंबर म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर. त्याच्या आणि तुकड्याच्या भावात केवढे अंतर असते ते धंद्यातल्यांना सांगायला नको. वेगात जे कमावले ते तुकड्यात गेले.

त्यावर मी दुसरी चूक केली. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तुटले तर पैसे कापायचे, असा नियम केला. तुटणे कमी झाले नाही. एक जण तर सरळ म्हणाली, "तुटले ते तुटले बाय, कापून घे पैसे, हिशेब मिटला." पूर्वी तिच्याच हातून गर मोडला की तिला वाईट वाटायचे. काही दिवसांनी झाडताना सालीच्या ढिगात दडवलेले तुकडे सापडले.

सर्वांत जास्त लागले ते आमच्या एका मावशींचे. वीस वर्षांचा हात. नव्या मुलींना शेजारी बसवून, गर बोटांत कसा फिरवायचा ते त्या शिकवायच्या. चिवट सालीचा माल स्वतःकडे ओढून घ्यायच्या. आता शिकवत बसल्या तर त्यांचे किलो कमी भरतात. त्या गप्प खाली मान घालून सोलतात, चिवट माल कोणीच घेत नाही आणि सकाळी सोप्या ट्रेवरून भांडण होते. हे मी माझ्या हाताने केले आहे.

या विषयावर शोधताना इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग वाचला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज होती, तिच्या जागी उशिराची किंमत आली. मला धास्ती वाटते ती पुढच्या भागाची: दंड काढून घेतल्यावरही उशीर कमी झाला नाही. मग मी उद्या कपात बंद केली तरी जुने दिवस येणार नाहीत का? आणि किलोवर नाही तर कशावर पैसे द्यावेत? नुसत्या रोजावर परत जायचे तर चवथीचा माल पुन्हा रखडणार.

प्रतिसाद १

ताई, दोन-चार गोष्टी. किलो मोजता येतात, शिकवणे मोजता येत नाही. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये नेमके हेच मांडले: कामाचे दोन भाग असतील आणि मोजता येणाऱ्या भागालाच जोरदार बक्षीस लावले, तर माणूस दुसऱ्या भागातून हात काढून घेतो. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच करारांच्या कामासाठी, ऑलिव्हर हार्ट यांच्याबरोबर. अशा कामात बक्षीस जोरदार नको, सौम्य हवे. बहुतेक पैसा रोज म्हणून द्या आणि वरचा थोडा भाग अख्ख्या गराच्या किलोवर, तोही सगळ्या गटाला मिळून. गटाचा हिशेब असला की मावशींनी एका मुलीला शिकवले तर फायदा मावशींनाही होतो. पहिल्या नंबरचे पाचशे रुपये आधी बंद करा. चौदांपैकी तेराजणी दर आठवड्याला हरतात.

कपातीबद्दल कायदाही बघा. दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही, करण्याआधी त्या बाईचे म्हणणे ऐकावे लागते, आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चावी लागते. किलोवर काम असले तरी किमान वेतनाखाली जाता येत नाही.

प्रतिसाद २

मी सरकारी योजनांच्या कामात होतो. आमच्याकडेही संडास बांधल्याचे १२,००० रुपये मिळत, म्हणून संडास मोजले गेले; कोण वापरते ते मोजायला कोणी जात नसे. पण बक्षीस म्हणजे वाईटच असे नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बाळाच्या दर लसीला एक किलो डाळ आणि लसीकरण पुरे झाले की धातूच्या ताटांचा संच दिला. काहीच नव्हते त्या गावांत ६ टक्के बाळांचे लसीकरण पूर्ण होते, नियमित शिबिर भरले तिथे १८ आणि डाळही दिली तिथे ३९. आईला लस नको होती असे नाही, मजुरी बुडवून निघणे जड जात होते. डाळीने तेवढीच अडचण हलकी केली.

तुमच्याकडे अडचण कुठे आहे ते आधी बघा. जूनपासून हवेत ओल असते. गर कमी सुकला की साल सुटत नाही, जास्त सुकला की हाताला लागताच फुटतो. तुटण्याचा निम्मा दोष भट्टीचा असेल तर त्याचे पैसे सोलणाऱ्या बाईच्या पगारातून का कापता?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भट्टीचे मला सुचलेच नव्हते. दर लावला तो जून आणि पाऊस सुरू झाला तोही जून, आणि मी सगळा दोष बायकांच्या हातावर टाकला.

उद्या शनिवार, हिशेबाचा दिवस. कापलेले सगळे पैसे वहीत लिहिलेले आहेत, ते आधी परत करते आणि चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगते. मावशींना शिकवण्यासाठी वेगळा रोज द्यायचा आहे, पण तो इतरांना विचारून ठरवेन, नाहीतर त्यांच्यावरच राग निघेल. गटाचा हिशेब दिवाळीपर्यंत करून बघते आणि इथेच आकडे लिहिते.

कोणी कारखानेवाले वाचत असतील तर एवढे सांगा: पावसाळ्यात भट्टीतून काढलेला गर सोलणीला देण्याआधी किती वेळ आणि कशात ठेवता?