कलेचं शिक्षण, बँकेचं कर्ज आणि पहिला पगार: तुमचे अनुभव सांगा

पेन्सिलवाली

परवा गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढले आणि हातात आली कर्जाची फाईल. दोरीने बांधलेली, वर बाबांच्या अक्षरात 'छकुलीचं शिक्षण'. आत फीच्या पावत्या आणि माझ्याच हातचा एक कागद. एका बाजूला हप्त्याचा हिशेब, मागे कुणाच्या तरी तुटक्या चपलेचं स्केच. बसले तिथेच, धुळीत.

२०११ साली मुंबईचं जे. जे. (सरकारी कला महाविद्यालय) थोडक्यात हुकलं म्हणून पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात अप्लाइडला, म्हणजे उपयोजित कलेला गेले. वर्षाला लाख रुपये, चार वर्षं. चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, सहकर्जदार म्हणून बाबांची सही पुरली. रंग, कागद, प्रिंटआउट वेगळे, ते आईच्या भिशीतून.

कागदावर मी हप्ता काढला होता ७,२०० रुपये. प्रत्यक्षात लागला १०,३००. कारण शिकताना आणि पुढच्या वर्षभरात हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. साडेबारा टक्क्यांनी चाराचे पावणेसहा लाख झाले होते. पहिला पगार ११,०००. उरलेल्या सातशेत मी काय केलं असेल? बाबांकडेच राहिले आणि ते काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागायचं. २०२३ ला फिटलं.

आठवायचं कारण, भाचीला बीएफएला (कलेची पदवी) खाजगी कॉलेज लागलंय, दीड लाख वर्षाचे. ताई विचारतेय, घ्यायचं का कर्ज? मला हो पण म्हणवेना, नाही पण. चित्रकला, नाटक, गाणं, नाच, जे शिकला असाल ते लिहा. आकड्यांसकट लिहा, संकोच नको.

चकलीताई

वाचतेय. मखर मिळालं का पण?

तिसरी_घंटा

माझं उलटं. नाटक शिकलो ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, फी जड नव्हती, एक रुपया कर्ज नाही. कर्ज झालं ते पदवीनंतर, मुंबईत. चौघांत एक खोली, तिचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर. शिक्षणाचं कर्ज बरं म्हणायची वेळ आली हो, कार्डाचं व्याज बघितल्यावर!

नाटकात नाईट मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर घरी बसा. पावसाळ्यात प्रयोग कमी. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी. मी हवालदार होतो एका मालिकेत, सहा दिवस. पैसे हातात पडेपर्यंत मालिका बंद, ज्याला अटक केली तो हिरो दुसऱ्या चॅनेलवर. बँकेला दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता हवा आणि आमची कमाई तारखा पाळत नाही, सगळी गोची तिथे आहे. वर्षाची बेरीज मारली तर मी तेव्हाही बऱ्यापैकी कमवत होतो.

चकलीताई

हवालदार 😂 कुठली मालिका?

तिसरी_घंटा

नाही सांगणार. आईने सगळे भाग रेकॉर्ड केलेत.

खिडकी_नं_४

बँकेत शैक्षणिक कर्जाच्याच टेबलावर आहे, म्हणून भाचीपुरतं लिहितो. लंच टाइम आहे, भराभर.

सहा लाख, साडेदहा टक्के धरा, फेड सात वर्षं. चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नाही, तोवर साधं व्याज साधारण २ लाख २० हजार होतं. म्हणजे सुरुवात ८ लाख २० हजारांपासून, हप्ता १३,८०० च्या आसपास. तेच व्याज शिकताना महिन्याच्या महिन्याला भरलं तर हप्ता १०,१०० वर राहतो. पहिल्या वर्षी महिना तेराशे लागतात, चौथ्या वर्षी सव्वापाच हजार. घरच्यांना जमेल तेवढं भरा, अर्धं भरलं तरी फरक पडतो.

साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या हमी योजनेत तारणाशिवाय होतं. आयकरात (जुन्या कायद्यातलं कलम ८० ई) फक्त व्याजावर सूट, आठ वर्षं, मुद्दलावर नाही आणि जुनी करप्रणाली घेतली तरच. लोक दरवर्षी हा घोळ घालतात.

आणि खरं सांगू? इंजिनियरिंगवाला आला की साहेब कॉलेजचं प्लेसमेंट बघतात. शिल्पकलेवाली आली की माझ्याकडे बघतात. मी काय सांगू, पुतळ्याचा पगार किती?

रोखठोक

मुळात कर्ज काढून कला कशाला? बीकॉम करा, रविवारी पेटी वाजवा.

तिसरी_घंटा

रोखठोक, आमच्याकडे रविवारी पेटी वाजवणारे शंभर येतात. प्रयोगाला एकही मिळत नाही.

खडू_फळा

एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली. फी किरकोळ होती तरी आईच्या पाटल्या गहाण पडल्याच. २०१४ ला माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक लागलो, मानधन ८,०००, तीन वर्षं तेवढ्यावरच. (आता १८,००० केलंय, नव्या पोरांचं नशीब.) कलाशिक्षक म्हणजे शाळेचे फलक, रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि कोणी रजेवर असेल तर भूगोल.

पाटल्या सोडवल्या त्या पेणच्या कारखान्याने. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि नंतर दर शनिवार-रविवार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचो. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची, वरची पापणी आधी, बुबुळ शेवटी. मध्ये खोकला आला तर मूर्ती परत पांढरी करायला. दिवसाला ज्याचे डोळे जास्त त्याला पैसे जास्त. शाळेच्या पगारापेक्षा सीझनमध्ये तिथे जास्त मिळायचे. ते मी एटीडीत शिकलो नाही, पण एटीडी नसतं तर मालकाने हातात ब्रश दिला नसता. आता याचा हिशेब कसा मांडायचा तो खिडकीवाल्या दादांनी सांगावा.

खिडकी_नं_४

मास्तर, हात टेकले.

थेम्सकाठी

मुलगी इथे इंग्लंडमध्ये रंगमंच-नेपथ्य शिकतेय म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२३ पासून ज्यांनी शिक्षण सुरू केलं त्यांना सरकारी शैक्षणिक कर्जापोटी वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जी कमाई असेल तिच्या ९ टक्के कापतात. कमाई त्याखाली गेली तर त्या काळात कापतच नाहीत. ४० वर्षांनी उरलेलं माफ. ऐकायला गोड आहे, पण ४० वर्षं म्हणजे ती साठीला टेकेल! नवरा म्हणतो हा करच आहे, कर्ज म्हणू नकोस. तरी हवालदारांची ती पाच तारखेची भानगड इथे नाही, हे मात्र खरं.

रोखठोक

साठीपर्यंत कर्ज!! मी काय म्हणत होतो.

पेन्सिलवाली

रोखठोक, माझ्या अप्लाइडच्या वर्गातल्या ज्या दोघी कर्जाशिवाय होत्या त्यांनी पहिली दोन वर्षं नोकरी न धरता चित्रं काढली. मी सहा वर्षं बिल्डरांची पत्रकं केली, स्विमिंग पूल निळा करत. पगार वाढला, हप्ता वेळेवर गेला. बँकेच्या दृष्टीने मी आदर्श. मला कोणी विचारलं असतं तर मी चार लाखांपेक्षा त्या सहा वर्षांबद्दल बोलले असते.

घुंगरू

हे ^^ 😔

कथक. पदवीला कर्ज नाही घेतलं कारण सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना ५,०००, दोन वर्षं. १८ ते २५ वयात अर्ज करता येतो. पैसे उशिरा येतात पण येतात. भाचीला सांगा, त्यात चित्र-शिल्पही आहे. बाकी क्लासवर चालतं, ३४ मुली आहेत, मे महिन्यात ११. पोळ्या करायच्यात, नंतर लिहिते.

सायंराग

विषयांतर होतंय, माफ करा. एमए संगीत केलं, कर्ज नाही, कमाईही नाही 😄 पण तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलाय. मिरजेत कोण नीट करून देईल?

खडू_फळा

सायंराग, सतारमेकर गल्लीत जा, कुणालाही विचारा. तारा सैल करूनच न्या.

पेन्सिलवाली

भाचीला धागा वाचायला दिला. तेराशे रुपयांचं गणित तिने तीनदा वाचलं आणि म्हणाली, पहिल्या वर्षीचं व्याज मी मेंदीच्या ऑर्डरीतून काढते. चौथ्या वर्षाचं बोलली नाही. ताई अजून नाहीच म्हणतेय. पुढच्या राउंडला सरकारी कॉलेजचं नाव वर टाकायचं ठरलंय, तेवढं एकमत झालं.

चकलीताई, मखर पलंगाखाली होतं.

सायंराग

धन्यवाद मास्तर. एसटीने नेला तर चालेल का, की गाडीच करावी लागेल?

खडू_फळा

चालेल. गोधडीत गुंडाळा आणि मांडीवर घ्या, कंडक्टर वर ठेवा म्हणाला तरी ऐकू नका.