जुना युनिक्स प्रोग्राम मॅकवर: पोर्ट करावा की नव्याने लिहावा?

खटपट्या
आमच्या प्रयोगशाळेत वर्णपटाचे आलेख काढणारा एक प्रोग्राम आहे. नव्वदच्या दशकात सन वर्कस्टेशनवर कुणीतरी सी मध्ये लिहिलेला, खिडक्या अथीना विजेटच्या (एक्स११ या युनिक्सच्या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीवरचा बटणं-पट्ट्यांचा जुना संच). तीन शनिवार-रविवार घालवून तो एम१ मॅकवर चालवला. माझं मत स्पष्ट आहे: असले प्रोग्राम पोर्टच करावेत (म्हणजे जुनाच कोड नव्या मशीनवर चालेल इतपत दुरुस्त करावा), नव्याने लिहायच्या फंदात पडू नये. पोर्ट करताना जुनी पापं बाहेर येतात.

पहिल्याच दिवशी 'मेक इन्स्टॉल' (तयार प्रोग्राम जागेवर कॉपी करण्याची आज्ञा) दिलं, तर उत्तर आलं की 'इन्स्टॉल' अद्ययावत आहे. कॉपी मात्र काहीच झालं नव्हतं! फोल्डरमध्ये याच नावाची, पण कॅपिटल अक्षरांतली, सूचनांची फाइल पडलेली होती. मॅकची फाइल सिस्टिम एरवी कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही, त्यामुळे मेकला वाटलं की मागितलेली वस्तू हजरच आहे. मेकफाइलमध्ये 'फोनी'ची एक ओळ ('इन्स्टॉल' हे फाइलचं नाव नाही, असं सांगणारी) घातली आणि सुटलो.

खरं पाप पुढेच होतं. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करणारं एक फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये होतं आणि इथे ते डिक्लेअर न करताच, म्हणजे ते काय परत देतं हे आधी न सांगताच, वापरलेलं. जुनं सी अशा वेळी 'इंट (पूर्णांक) येणार' असं धरून चालतं. सनवर तेव्हा दोन्ही ३२ बिटांचे, त्यामुळे निभावलं. मॅकवर ६४ बिटांचा पॉइंटर अर्धा छाटला जातो आणि प्रोग्राम आडवा होतो. ॲपलच्या प्रोग्रामिंग साधनांच्या, म्हणजे २०२० च्या एक्सकोड १२ पासून कंपायलर याला सरळ एरर देतो, म्हणून सापडलं.

कडू_कारलं
मेहनतीला दाद, पण याला मी पोर्ट म्हणणार नाही. तुमच्या खिडक्या अजून एक्स११ वरच चालतात ना? ॲपलने २०१२ च्या माउंटन लायनपासून एक्स११ सोबत देणं बंद केलं, आता वेगळं एक्सक्वार्ट्झ टाकावं लागतं. भाड्याच्या घराला स्वखर्चाने रंग देण्यातला प्रकार.

आणि अथीनाची स्क्रोलपट्टी आठवते का? डाव्या बटणाने खाली, उजव्याने वर, मधलं बटण धरून ओढायचं. ट्रॅकपॅडला मधलं बटण आणायचं कुठून? तर म्हणे ऑप्शन दाबून क्लिक करा. एखाद्या नव्या विद्यार्थिनीला हे समजावून बघा, दुसऱ्या दिवशी ती एक्सेलमध्ये आलेख काढताना दिसेल. गणिताचा भाग सी मध्येच ठेवा, तोंडवळा नवा लिहा.

पोटापाण्याचा
दोघेही उगाच दमताय. व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) लिनक्स टाका, त्यात चालवा, घरी जा.

खटपट्या
@पोटापाण्याचा, अहो, लिनक्सवरही ते फंक्शन डिक्लेअर केलेलं नसतंच. ६४ बिटांचं पाप तिथेही फेडावं लागतं.
@कारलं, स्क्रोलपट्टीचं मान्य. पण नव्याने लिहायचं तर त्या कोडमधल्या विचित्र दुरुस्त्या कशासाठी आहेत ते कोण सांगणार? लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला.

जुना_सिगविनकर
खटपट्यांच्या बाजूने. तुम्ही मॅकवाले तर लाडावलेले, २००७ चा मॅक ओएस लेपर्ड रीतसर युनिक्स म्हणून प्रमाणित झालेला. आम्ही विंडोजवर सिगविनने (युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवायचं साधन) पोर्ट करायचो. विंडोजला युनिक्ससारखा फोर्क (चालू प्रोग्रामची प्रत काढणं) नाही, सिगविन त्याची नक्कल करतं, तीही फार हळू, आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट (मशीनवर काय काय आहे ते तपासणारी) सुरू करून चहा पिऊन यावं तरी ती चाललेलीच. एकदा सोर्समध्ये 'ऑक्स.सी' नावाची फाइल होती, ती झिपमधून काही केल्या नीट उतरेना. 'ऑक्स' हे डॉसच्या काळापासून राखीव नाव! अर्धा दिवस मी झिपलाच शिव्या देत होतो.

वर्णपट_ताई
खिडक्यांवर भांडून झालं असेल तर एक विचारू? जुन्या डेटा फाइल उघडून पाहिल्या का? मी असाच प्रोग्राम वापरत असे, तो स्ट्रक्चर (मेमरीतला माहितीचा गठ्ठा) जसंच्या तसं एफराइट या फंक्शनने डिस्कवर लिहायचा. सनचा स्पार्क प्रोसेसर बिग-एंडियन (संख्येचा मोठ्या किमतीचा बाइट आधी), तुमचा मॅक लिटल-एंडियन (लहान किमतीचा आधी). बाइट उलटे वाचले जाणार. आणि कुठे 'लाँग' (मोठा पूर्णांक) वापरला असेल तर तो तेव्हा चार बाइटचा होता, आता आठचा.

कडू_कारलं
ताई, हेच मी नव्याने लिहा म्हणतो त्याचं कारण.

वर्णपट_ताई
नव्याने लिहिलं तरी फाइल जुन्याच राहणार ना?

खटपट्या
आत्ताच पाहिलं. आतापर्यंत मॅकवरच बनवलेल्या फाइलींवर चाचणी घेत होतो, हा माझाच गाढवपणा. जुन्या टेपवरून उतरवलेली एक फाइल उघडली. वहीत बिंदूंची नोंद ५१२. प्रोग्राम म्हणतो १३१०७२, आणि कुरकुर न करता आलेखही काढतो, सरळ आडवी रेघ. कोसळला असता तर बरं झालं असतं. पूर्णांकांना एनटीओएचएल (बाइटांचा क्रम सुधारणारं फंक्शन) लावतो, डबलचे (दशांश संख्यांचे) आठ बाइट हाताने उलटावे लागणार. चौथा शनिवार गेला.

पोटापाण्याचा
मी आधीच म्हटलं होतं, घरी जा.

जुना_सिगविनकर
तुमच्या व्हर्च्युअल मशीनमधला लिनक्सही लिटल-एंडियनच हो!