सल्ला हवा: रंगवलेल्या काचेचा जुना आरसा घ्यावा का?

कोकणचा_पाहुणा
मंडळी, बाल्टिमोरजवळ राहतो. काल एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) उभा आरसा पाहिला. सोनेरी चौकट, वरच्या कडेला ओळीने गोळे, त्याखाली वीतभर उंचीची रंगवलेली काच: पांढऱ्या जमिनीवर सोनेरी वेली, मधे कलश. कोपऱ्यात नखाएवढा रंग उडालाय. विकणाऱ्या बाई म्हणतात, १८०५च्या सुमाराचा आहे आणि तेरा गोळे म्हणजे अमेरिकेची सुरुवातीची तेरा राज्यं. ९०० डॉलर सांगतात. बायको म्हणते, फुटकी काच घरात नको. काय करू?

अडगळवाला
तेरा राज्यांची गोष्ट कानाआड करा. असे आरसे कमीजास्त गोळ्यांचेही मिळतात.

या कामाला व्हेर एग्लोमिझे म्हणतात. पॅरिसच्या ग्लोमी नावाच्या चौकटवाल्यावरून हे नाव पडलं, कला मात्र त्याच्या कितीतरी आधीची. काचेच्या मागे सोन्याचा वर्ख डकवायचा, सुईने नक्षी कोरायची आणि मग मागून रंग भरायचा. सगळा उलटा कारभार: बारकावे आधी, जमीन शेवटी. तुमचं बाल्टिमोर तर यासाठी नावाजलेलं. १८००च्या आसपास तिथले सुतार बायकांच्या लिहिण्याच्या मेजांत अशा काचा बसवत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये, अमेरिकन विभागात, तसं मेज आहे. ते आधी बघून या, म्हणजे नजर बसेल.

आता परीक्षा. आरशावर नाणं टेकवा. नाणं आणि प्रतिबिंब यांत फट जेवढी कमी तेवढी काच पातळ, आणि जुनी काच बहुधा पातळच असते. मग पाठीची फळी बघा. करवतीचे ओरखडे सरळ असतील तर बरं. गोल कमानीसारखे असतील तर ते गोल करवतीचे, म्हणजे ती फळी बहुतेक १८३० नंतरची.

वाईची_सून
घेतलात तर एक ऐका, काचेच्या मागच्या बाजूला हात लावू नका! आमच्याकडे देवघरात काचेवर रंगवलेला बाळकृष्ण होता. दिवाळीच्या साफसफाईत मी चौकट उघडली आणि मागून ओलं फडकं फिरवलं. नाक आणि अर्धी बासरी फडक्यावर आली. सासूबाई अजून ऐकवतात. अशी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत, ती बघताना मला अजून लाज वाटते.

अडगळवाला
+१. उडालेला रंग स्वतः भरायचा नाही, गोंद लावायचा नाही. काच क्लीनर समोरूनही थेट फवारू नका, कडेतून आत झिरपतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्व्हेशनच्या साइटवर कन्झर्वेटर, म्हणजे जुन्या वस्तू जपणारा-दुरुस्त करणारा जाणकार, शोधता येतो. उन्हात किंवा हीटरवर टांगू नका. आणि जुन्या आरशाची कलई पाऱ्याची असू शकते, ती खरवडू नका.

कोकणचा_पाहुणा
आज परत गेलो. नाण्याची फट अगदी बारीक, पण पाठीच्या फळीवर गोल ओरखडे.

अडगळवाला
म्हणजे फळी तरी मागाहून बदललीय. रंगवलेली काचही बदललेली असू शकते, तीच आधी फुटते. ९०० ला मी घेणार नाही. ५०० म्हणून बघा.

कोकणचा_पाहुणा
५५० वर आल्या. घेतला. गाडीत आडवा न ठेवता उभाच आणला. बायकोला सांगितलंय, फुटका नाही, पोपडा निघालाय. तूर्तास गेस्टरूममध्ये तोंड भिंतीकडे करून ठेवलाय.