मदत हवी आहे: धबधब्यावर रविवारी कोंडी, मधल्या वारी शुकशुकाट. आकडा किती धरायचा, गाड्या कुठे अडवायच्या?

वाडीकर:
सह्याद्रीतल्या घाटमाथ्यावरच्या एका गावासाठी विचारतोय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर येत्या रविवारी आणखी पन्नास गाड्या वाढायच्या.

धबधबा जूनअखेर ते सप्टेंबर. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून गावापर्यंत 5 किलोमीटर एकच गाडी मावेल इतका अरुंद डांबरी रस्ता, साइडपट्टी नाहीच. वर पार्किंगला 30 गुंठे पड जमीन. रविवारी साडेतीनशेच्या वर चारचाकी, मधल्या वारी दहा-पंधरा. अकरा ते दोन रस्ता ठप्प असतो. एसटी अडकते, दुधाची गाडी अडकते. धबधब्याची वाट वनखात्याच्या हद्दीत आहे, गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे.

ग्रामसभेत दोन मतं पडली. एक, रविवारी तिकीट दुप्पट आणि मधल्या वारी निम्मं, म्हणजे माणसं आपोआप विभागतील. दोन, कास पठारासारखं ऑनलाइन बुकिंग करून आकडाच बांधून टाकायचा. तज्ज्ञांनी सांगावं.

घाटरस्ता:
पहिल्या मतावर फार भिस्त ठेवू नका. ज्याला सुट्टीच रविवारची, तो तिकिटातले पन्नास रुपये वाचवायला बुधवारी येत नाही. पेट्रोल आणि जेवणापुढे तिकीट किस झाड की पत्ती. रविवारची गर्दी मंगळवारी जात नाही. पण अकराची गर्दी आठला आणता येते. दरातला फरक ठेवायचाच तर तासांमध्ये ठेवा: 7 ते 9 स्वस्त, 10 ते 1 महाग. गावात मुक्कामाला राहणाऱ्याला सकाळच्या पहिल्या तुकडीत हमखास जागा द्या. शनिवारचा मुक्काम वाढतो, पैसा गावात राहतो आणि त्यांची गाडी आदल्या दिवशीच वर आलेली असते. घरं पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवून घ्या.

आता आकडा. पार्किंगपासून सुरू करू. वळायला जागा धरून एका कारला साधारण 25 चौरस मीटर लागतात, म्हणजे हिशेबाने गुंठ्याला चार. पावसात पड जमिनीवर तीनच धरा, कारण चाक रुतलं की शेजारच्या दोन गाड्याही अडकतात. वाहत्या पाण्याच्या बाजूला चर काढून मुरूम टाकून दाबला नाही तर तीनही बसत नाहीत. 30 गुंठ्यांत 90 गाड्या. माणूस सरासरी तीन तास थांबतो, म्हणजे दिवसात तीन फेऱ्या, कागदावर 270. प्रत्यक्षात एक तुकडी पूर्ण निघायच्या आत दुसरी येऊन उभी राहते. 200 धरा.

दोरखंड:
हिशेब बरोबर, पण अपुरा. पार्किंग हा आकडा नाहीच, धबधब्याखालची जागा हा आकडा आहे. दोर बांधून सुरक्षित पट्टा आखा आणि त्यात एका वेळी किती माणसं उभी राहू शकतात ते मोजा. समजा 150. तिथे माणूस पाऊण तास रेंगाळतो, म्हणजे तासाला 200. 8 ते 4 धरले तर 1,600. माणसं घोळक्याने येतात, म्हणून विकायची 1,200च. 200 गाड्यांचे 800, दुचाकीवरचे 200, उरलेले 200 फाट्यावर गाडी लावून शटलने.

शटल सुरू केलं की लोक इथेच घोळ घालतात: पार्किंगचा प्रश्न सुटला, आता कितीही माणसं वर न्या! शटलमधली माणसं त्याच 1,200 मधून वजा करायची.

घाटरस्ता:
मान्य. सगळ्यात छोटा आकडा धरायचा.

अडवायचं फाट्यावर, गावात नाही. वर पोचलेल्या गाडीला परत पाठवायचं तर अरुंद रस्त्यावर ती वळवणार कुठे? फाट्यावर फक्त बुकिंग बघून सोडायचं, पैसे घ्यायचे वर पार्किंगमध्ये. एका गाडीला 20 सेकंद लागले तर तासाला 180 गाड्या सुटतात. सुट्टे आणि यूपीआय करत मिनिट गेलं की 60च, आणि रांग मोठ्या रस्त्यावर येते. वर रेंज नसेल तर यूपीआय फिरत बसतं. बुकिंगची छापील यादी आदल्या रात्री काढून ठेवा.

रस्ता आळीपाळीने चालवा. ताशी 20 च्या वेगाने 5 किलोमीटरला 15 मिनिटं लागतात. 20 मिनिटं वर सोडा, 15 मिनिटं रस्ता रिकामा होऊ द्या, मग 20 मिनिटं खाली, पुन्हा 15. तपासून रांगेत उभ्या केलेल्या गाड्या 15 सेकंदांना एक अशा सोडल्या तर एकूण 70 मिनिटांत वर साधारण 80 गाड्या जातात. शेवटच्या गाडीच्या हातात लाल झेंडा द्यायचा, तो पोचेपर्यंत समोरची बाजू सुटत नाही. दोन्ही टोकांना वॉकीटॉकी हवेच, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. एसटीची वेळ या चक्रात आधी बसवा, गाड्या नंतर. रुग्णवाहिका आली तर समोरची बाजू जागीच थांबवायची. त्यासाठी मध्ये चार ठिकाणी बाजूला घ्यायला जागा खोदून ठेवा.

वाडीकर:
हे फार उपयोगी आहे. दोन शंका. गावातल्या जीप शटलला लावल्या तर चालतील? आणि बुकिंग न करता आलेल्यांचं काय? भांडणं तिथेच होणार.

दोरखंड:
पांढऱ्या पाटीच्या जीप लावू नका. भाड्याने माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीच्या, प्रवासी परवान्याच्या 15 आसनी चार गाड्या पुरतात. 70 मिनिटांत एक फेरी धरली तरी तासाला पन्नास माणसं होतात.

बुकिंग शंभर टक्के ऑनलाइन ठेवू नका. 70 टक्के आधी, 30 टक्के फाट्यावर, आणि फाट्यावरच्यांना मिळेल त्या तासाची चिठ्ठी, पैसे वरच. किती शिल्लक आहे याचा फळा फाट्याच्या दोन-तीन किलोमीटर आधी लावा. 'संपले' हे खिडकीशी कळलं तर भांडण, आधी कळलं तर माणूस तिथूनच वळतो. रेड अलर्टला सगळं बंद आणि पैसे परत, हा नियम तिकिटावरच छापा.

नकाशा:
जवळपासचा एखादा दुसरा धबधबा लोकांना सांगितला तर गर्दी वाटली जाईल की.

दोरखंड:
नको! अशा ठिकाणी दोर नसतो, शौचालय नसतं, माणूसही नसतो. आधी तिथली सोय, मग नाव.

घाटरस्ता:
नुसतं बुकिंग म्हणजे नियंत्रण नव्हे, हेही ग्रामसभेत सांगा. तमिळनाडूत ऊटी आणि कोडाईकनालला मे 2024 मध्ये ई-पास आला तेव्हा त्याला मर्यादा नव्हती; मागेल त्याला मिळत होता. त्यातून मोजणी झाली. आकडे नंतर ठरले: एप्रिल ते जून 2025 साठी नीलगिरीत (ऊटीचा जिल्हा) मधल्या वारी 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000 वाहनं, कोडाईकनालला 4,000 आणि 6,000. तुम्ही आधी चार रविवार तासागणिक गाड्या मोजा, मग ठराव करा.

शौचालय विसरू नका. एका सीटला माणशी तीन मिनिटं धरली तर तासाला 20 माणसं. गर्दीच्या तासाला शंभर बायका रांगेत लागल्या तर पाच सीट फक्त त्यांच्याच. घाटमाथ्यावर पावसात शोषखड्डा भरून वर येतो, खाली कातळ असतो. बंद टाकी ठेवा, झऱ्यापासून लांब, आणि मैलागाडी पोचेल अशा जागी.

वाडीकर:
रस्ता सरकारी आहे. समितीने गाड्या अडवल्या तर कोणी तक्रार करेल का?

कलमबहाद्दर:
करेल, आणि बरोबर करेल. समितीला सार्वजनिक रस्त्यावर गाडी अडवायचा अधिकार नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 खाली वाहनबंदीचा किंवा एकेरी वाहतुकीचा आदेश काढून घ्या. पोलीस अधीक्षक कार्यालयातून प्रस्ताव जाऊ द्या आणि फाट्यावर पोलीस किंवा होमगार्ड मागा. महिन्याच्या आतल्या बंदीला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. हंगामभर हवी असेल तर लागते, म्हणून मार्चमध्येच अर्ज करा. जंगलातल्या वाटेचं तिकीट वनखात्याच्या मंजुरीने समिती घेऊ शकते. गावातलं पार्किंग ग्रामपंचायतीचं; त्याची फी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली बसते का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तपासून ठराव करा. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या ठेवा. अर्जाला मोजणीचा तक्ता, रस्त्याचा नकाशा आणि बाजूला घ्यायच्या चार जागांचे फोटो जोडा. एसटीच्या आगारप्रमुखांचं पत्रही जोडा, कारण वेळापत्रक त्यांनाच बदलावं लागेल.